तिकीट काढलंय, तिकडे आंदोलन पेटलंय

राजकीय अस्थिरता असलेल्या देशात जावं की नाही, याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बऱ्याच जणांनी 'हो की नाही, एवढंच सांगा' असं लिहिलं आहे. ते दुसऱ्या कुणी सांगू नये. ठरवायचं कसं, एवढं मात्र सांगता येतं.

प्रश्न : सहा आठवड्यांनी आम्ही कुटुंबासह निघणार आहोत. त्या देशाच्या राजधानीत रोज मोर्चे आणि जाळपोळ दिसते. आमचं मुख्य ठिकाण मात्र तिथून तीनशे किलोमीटरवर, डोंगरात आहे. मग काळजी करायचं कारण आहे का?

तीनशे किलोमीटरचा दिलासा अर्धाच आहे. पर्यटक दंगलीत सापडून जखमी होतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा तो नुसता अडकून पडतो, आणि अडकायला दंगलीच्या जवळ असावं लागत नाही. पेरूमध्ये डिसेंबर २०२२ ला अध्यक्ष पेद्रो कास्तिल्यो यांना पदावरून हटवल्यावर आंदोलन पेटलं. माचू पिचू या प्राचीन स्थळाच्या पायथ्याच्या गावाला थेट मोटाररस्ता नाही, जाणं-येणं रेल्वेनं. रुळांवर दगड आले, गाड्या थांबल्या आणि राजधानी लिमापासून इतक्या दूर असूनही शेकडो प्रवासी तिथे अडकले. जानेवारी २०२३ च्या उत्तरार्धापासून तर ते स्थळच तीन आठवड्यांहून जास्त काळ बंद राहिलं.

याची दुसरी बाजू बँकॉकमध्ये दिसली. नोव्हेंबर २००८ च्या शेवटी आंदोलकांनी सुवर्णभूमी विमानतळाचा ताबा घेतला, तो आठवडाभर सोडला नाही. शहरात दुकानं, हॉटेलं बऱ्यापैकी सुरळीत चालू होती, पण लाखो लोकांना घरी जाता येईना. काहींची सुटका पट्टायाजवळच्या उतापाओ या नौदलाच्या छोट्या विमानतळावरून झाली, तीही तासन्‌तास रांगा लावून.

तेव्हा नकाशा घ्या आणि तीन बिंदू टाका: उतरणार तो विमानतळ, राहणार ते ठिकाण, आणि देश सोडणार ती जागा. या तिघांना जोडणारे रस्ते नीट पाहा. विमानतळाचा रस्ता संसद, विद्यापीठ किंवा मोठ्या चौकातून जातो का? वाटेत एकच पूल, एकच घाट आहे का? विमानतळ बंद पडला तर दुसरा विमानतळ किंवा जमिनीवरची सरहद्द किती तासांवर आहे, आणि शेजारच्या देशाचा व्हिसा तुम्हाला आधी काढावा लागतो की तिथे मिळतो? दुसरी वाट एका दिवसाच्या आत गाठता येत असेल, तर तुमचे तीनशे किलोमीटर खरंच उपयोगाचे आहेत. डोंगरातून बाहेर पडायची एकमेव वाट राजधानीतूनच जात असेल, तर तेच अंतर अडचणीचं.

आता बातम्यांबद्दल. कॅमेरा आग असते तिथेच उभा राहतो, त्यामुळे तोच चौक दिवसभर दिसतो. काय जळतंय यापेक्षा काय चालू आहे ते शोधा. आज विमानं उतरली का, हे उड्डाणं दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर दोन मिनिटांत कळतं. शाळा, बँका, लांब पल्ल्याच्या बसगाड्या चालू आहेत का, हे स्थानिक वृत्तपत्रं सांगतात. भाषा येत नसली तरी यांत्रिक भाषांतर एवढ्याला पुरतं. इंधनाकडेही लक्ष ठेवा. श्रीलंकेत २०२२ साली कित्येक पर्यटकांना आंदोलन दिसलंही नसेल, पण पेट्रोलपंपांवरच्या रांगांमुळे गाडी मिळेना.

अशांतता कोणत्या जातीची आहे, हा पुढचा प्रश्न. कामगार संघटनांनी तारीख, वेळ, मार्ग जाहीर करून केलेला संप संध्याकाळी ओसरतो. त्याला फक्त टाळायचं असतं. आंदोलकांवर गोळीबार होऊन माणसं मरणं, दिवसाची संचारबंदी, देशभर इंटरनेट बंद होणं, नेत्यांची घरं पेटवली जाणं, ही वेगळ्या जातीची चिन्हं. यातली दोन एकत्र दिसली की सहल पुढे ढकला. आणि दोन सशस्त्र दलांमध्ये ताणाताणी असेल, तर गोळीबाराची वाटसुद्धा पाहू नका. सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ ला लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात लढाई जुंपली, तेव्हा राजधानी खार्टूमचा विमानतळ पहिल्याच दिवशी रणांगणात होता.

दिनदर्शिकाही उघडा. निवडणूक, निकाल, मोठ्या खटल्याचा निवाडा, इंधनदरवाढ, जुन्या उठावाचा स्मृतिदिन, आंदोलनात गेलेल्यांच्या अंत्ययात्रा या दिवशी गर्दी वाढते. इजिप्तमध्ये २०११ साली सर्वांत मोठे मोर्चे शुक्रवारच्या नमाजानंतर निघत. तुमच्या मुक्कामात असा दिवस येत असेल, तर तो राजधानीबाहेर काढायचा.

सहा आठवडे हातात आहेत, म्हणून आज काहीच ठरवू नका. प्रत्येक बुकिंग विनाशुल्क रद्द करण्याची शेवटची तारीख लिहून काढा. त्यातली सर्वांत मोठ्या रकमेची जी असेल, तिच्या दोन दिवस आधी निर्णयाचा दिवस ठेवा. काय झालं तर जायचं नाही, हेही आजच लिहा, कारण पैसे गुंतले की माणूस त्या दिवशी स्वतःशीच घासाघीस करतो.

प्रश्न : एका देशाचं सरकार 'प्रवासाचा फेरविचार करा' म्हणतं, दुसऱ्याचं नुसतं 'जास्त सावध राहा'. खरं कोण?

दोघंही आपापल्या नागरिकांपुरतं बोलतात. अमेरिकी परराष्ट्र खातं जानेवारी २०१८ पासून चार पायऱ्या वापरतं: नेहमीची खबरदारी, जास्त सावधगिरी, फेरविचार करा, जाऊ नका. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाच्याही चारच पायऱ्या आहेत. ब्रिटन आकडे देत नाही; 'अत्यावश्यक असेल तरच जा' आणि 'अजिबात जाऊ नका' अशा शब्दांत, बहुतेकदा भागवार सांगतं. काही सरकारं पायऱ्या ठेवतच नाहीत, घटना घडली की तेवढ्यापुरतं पत्रक काढतात. अशा सरकारचं पत्रक नाही, म्हणजे सगळं आलबेल आहे असं धरू नये.

आकडा वाचून थांबू नका. अमेरिकी सूचनेत पायरीशेजारी अक्षरं असतात: यू म्हणजे नागरी अशांतता, सी गुन्हेगारी, टी दहशतवाद, के अपहरण, एच आरोग्य, डी म्हणजे सरकारकडून अन्यायानं डांबलं जाण्याचा धोका. तिसरी पायरी केवळ आरोग्यव्यवस्थेमुळे असेल तर तुमचा प्रश्न वेगळा, अशांततेमुळे असेल तर वेगळा. मग तारीख पाहा. जुनीच सूचना कालांतरानं पुन्हा तपासून काढलेली आहे, की परवाच्या घटनेमुळे बदललेली? त्यानंतर भागवार मजकूर वाचा. पुष्कळदा सगळा गंभीर इशारा एखाद्या सरहद्दीच्या पट्ट्यापुरताच असतो.

या सगळ्याहून बोलकी खूण वेगळीच आहे. एखाद्या देशानं आपल्या दूतावासातल्या कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना परत बोलावलं, तर ते पत्रकाच्या भाषेपेक्षा जास्त गांभीर्यानं घ्यावं. तिथे राहणाऱ्या माणसांना हलवण्याचा खर्च आणि मानहानी कोणतंही सरकार उगाच ओढवून घेत नाही.

दोन-तीन देशांच्या सूचना शेजारी ठेवून वाचा. विम्यासाठी मात्र एकच मोजली जाते. कोणत्या सरकारची, ते पॉलिसीत लिहिलेलं असतं.

प्रश्न : आंदोलन सुरू झाल्यावर प्रवास विमा घेतला तर उपयोग होईल का?

आजारपण, अपघात, सामान हरवणं यासाठी बहुधा होईल. त्याच आंदोलनामुळे सहल रद्द झाली तर बहुधा नाही. विमा अनपेक्षित घटनेचा असतो. बातम्यांत आलेली घटना कंपनीच्या लेखी 'ज्ञात घटना' ठरते आणि त्या तारखेनंतर घेतलेल्या पॉलिसीला तिच्यासाठी भरपाई मिळत नाही. म्हणून पहिले पैसे भरले त्याच आठवड्यात विमा घ्यावा.

आधी घेतलेल्या पॉलिसीतही खाचखळगे आहेत. 'युद्ध, बंड, नागरी उठाव, दंगल' यांना वगळणारं कलम शोधा. काही पॉलिसी युद्ध वगळतात पण दंगल वगळत नाहीत, काही दोन्ही वगळतात. सरकारी सूचना 'जाऊ नका' अशी असताना गेलात, तर बऱ्याच कंपन्या सबंध संरक्षणच काढून घेतात, अगदी पाय मोडला तरी. 'भीती वाटली म्हणून रद्द केलं' हे कारण साध्या पॉलिसीत कुठेच चालत नाही. त्यासाठी काही देशांत 'कोणत्याही कारणानं रद्द' असं जोडकलम विकलं जातं. ते महाग असतं, पहिले पैसे भरल्यापासून दोन-तीन आठवड्यांतच घ्यावं लागतं, निघण्याच्या साधारण दोन दिवस आधीपर्यंतच वापरता येतं आणि सहसा खर्चाच्या अर्ध्यापासून पाऊण भागापर्यंतच परत देतं.

आणखी एक घोळ नेहमी होतो. पॉलिसीतलं 'इव्हॅक्युएशन' हे जवळजवळ नेहमी वैद्यकीय असतं, म्हणजे आजारी माणसाला योग्य रुग्णालयात हलवणं. दंगलीतून धडधाकट माणसाला बाहेर काढणं हे वेगळं संरक्षण आहे आणि ते स्वतंत्रपणे नमूद नसेल तर नाहीच असं समजा.

कंपनीला ईमेलनं चार गोष्टी विचारा आणि उत्तर लेखी घ्या: या देशातली सध्याची अशांतता तुम्ही ज्ञात घटना मानता का, मानत असाल तर कोणत्या तारखेपासून, दंगलीत इजा झाली तर उपचारखर्च मिळेल का, विमानतळ बंद राहून मुक्काम वाढला तर पॉलिसीची मुदत आपोआप वाढेल का, आणि मी तिथे असताना सरकारी सूचना कडक झाली तर किती दिवसांत बाहेर पडावं लागेल? फोनवर मिळालेलं गोड उत्तर दाव्याच्या वेळी कुणालाच आठवत नाही.

प्रश्न : आम्हीच आधी रद्द केलं तर पैसे बुडतात असं ऐकलं. खरं आहे का?

पुष्कळ वेळा खरं आहे. उड्डाण कंपनीनं रद्द केलं तर परतावा किंवा दुसरं उड्डाण मिळतं. तुम्ही रद्द केलं तर तिकिटाच्या अटी लागू. म्हणून जाणार नाही असं मनाशी पक्कं झालं, तरी विनाशुल्क रद्द करण्याची मुदत संपत नसेल तर घाई करू नका. अशांतता वाढली की कंपन्या स्वतःहून विनाशुल्क तारीख बदलण्याची मुभा जाहीर करतात. ती पुष्कळदा ठरावीक तारखांच्या उड्डाणांपुरतीच असते, त्यामुळे रोज पाहावी लागते.

युरोपीय संघाच्या नियम २६१/२००४ मध्ये राजकीय अस्थिरता ही 'असाधारण परिस्थिती' धरली आहे. त्यामुळे उड्डाण रद्द झाल्याची रोख नुकसानभरपाई मिळत नाही, पण परतावा किंवा पर्यायी उड्डाण, आणि थांबावं लागलं तर जेवण-निवास हे देणं कंपनीवर राहतंच. विमानतळावर 'असाधारण परिस्थिती आहे, काहीच मिळणार नाही' असं ठोकून सांगितलं जातं. ते अर्धसत्य आहे. तिथल्याच २०१५ च्या पॅकेज सहलींच्या निर्देशानुसार, ठिकाणी किंवा अगदी जवळ अपरिहार्य परिस्थिती उद्भवून सहलीवर मोठा परिणाम होत असेल तर प्रवाशाला शुल्काविना रद्द करता येतं आणि पैसे चौदा दिवसांत परत द्यावे लागतात. मात्र रद्द करतेवेळी असलेली परिस्थिती मोजली जाते, नंतर बिघडलेली नाही. दोन महिने आधी धास्तीनं रद्द करणाऱ्याला म्हणूनच हा हक्क सहसा मिळत नाही. इतर देशांचे कायदे वेगळे आहेत. आपला करार कोणत्या देशाच्या कायद्याखाली आहे ते पाहा.

जाताना, मधे, येताना अशी तीन वेगवेगळ्या कंपन्यांची सुटी तिकिटं सर्वांत जोखमीची. पहिलं उड्डाण रद्द झालं की त्याचे पैसे येतात, उरलेली दोन तुमच्या गळ्यात.

प्रश्न : कामामुळे मला जावंच लागणार आहे. तयारी काय करू?

फोन मुका झाला तर काय, इथून सुरुवात करा. इजिप्तमध्ये २८ जानेवारी २०११ पासून सुमारे पाच दिवस इंटरनेट बंद होतं, पहिल्या दिवशी मोबाइलसुद्धा. बँकांनाही आठवडाभर टाळं होतं. बांगलादेशात १८ जुलै २०२४ ला इंटरनेट गेलं, ब्रॉडबँड पाच-सहा दिवसांनी हळूहळू आलं आणि मोबाइल डेटा २८ जुलैला. अशा वेळी परदेशी ई-सिमही चालत नाही, कारण ते तिथल्याच मनोऱ्यांवर चालतं. व्हीपीएन फक्त काही संकेतस्थळं बंद असतील तेव्हा कामाला येतं. जोडणीच तुटली तर त्याचा काही उपयोग नाही. साधे फोन आणि एसएमएस अनेकदा चालू राहतात, म्हणून स्थानिक सिम घ्या आणि महत्त्वाचे क्रमांक पाठ करा किंवा कागदावर लिहा. उपग्रह फोन न्यायचा विचार असेल तर आधी तिथला कायदा पाहा. काही देशांत तो परवान्याशिवाय जवळ सापडला तर अटक होते.

कागदावर हव्यात: पासपोर्ट आणि व्हिसाच्या दोन प्रती, तिकीट, हॉटेलचा पत्ता स्थानिक लिपीत, दूतावासाचा पत्ता आणि रात्रीचा क्रमांक, विम्याचा पॉलिसी क्रमांक. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, ज्या सरहद्दीकडून बाहेर पडू शकता तिथपर्यंतचा. रोकड चार-पाच दिवसांच्या मुक्कामाला आणि एका लांबच्या टॅक्सीला पुरेल इतकी, छोट्या नोटांत, दोन ठिकाणी विभागून. कार्डाचं यंत्र नेटशिवाय नुसतं शोभेचं. नेहमीची औषधं ठरलेल्या दिवसांपेक्षा दहा दिवस जास्तीची, मूळ वेष्टनात आणि हातातल्या पिशवीत. पासपोर्ट व्हिसासाठी कुठल्या कचेरीत देऊन ठेवू नका. खार्टूममध्ये २०२३ साली दूतावास रातोरात बंद झाले आणि आत अडकलेल्या पासपोर्टांमुळे माणसं देशाबाहेर पडू शकली नाहीत.

हॉटेल निवडताना संसद, राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान, विद्यापीठ, पक्षकार्यालय, सरकारी दूरचित्रवाणी आणि मुख्य चौक यांच्यापासून दूरचं घ्या, स्वस्त पडलं नाही तरी. खोली रस्त्याच्या बाजूला नको. दुसरा ते पाचवा मजला बरा, म्हणजे दगड सहजी पोचत नाही आणि अग्निशमनची शिडी पोचते. शेवटची रात्र विमानतळाच्या बाजूला काढा.

दूतावासाकडे नोंदणी करा. घरच्यांशी रोजची एक वेळ ठरवा, आणि संपर्क झाला नाही तर त्यांनी किती तासांनी कुणाला फोन करायचा तेही. चोवीस तासांपेक्षा कमी अवधी ठेवू नका, नाहीतर नेट गेल्या-गेल्या इकडे घरभर रडारड.

प्रश्न : रात्रीचं विमान आहे आणि संचारबंदी लागली तर?

आधी जाहीरनामा शब्दशः वाचून घ्या. थायलंडमध्ये मे २०१४ च्या लष्करी उठावानंतर रात्रीची संचारबंदी होती, पण तिकीट आणि पासपोर्ट दाखवणाऱ्या विमानप्रवाशांना जाऊ दिलं जात होतं. सगळीकडे अशी सूट असेलच असं नाही. काही ठिकाणी पोलिसांचा पास लागतो, तो हॉटेलमार्फत मिळतो. प्रवाशाला सूट असली तरी चालकाला असते का, हे विचारायचं राहून जातं आणि मग टॅक्सी येतच नाही. सर्वांत सोपा उपाय म्हणजे संचारबंदी सुरू होण्याच्या दोन तास आधी विमानतळावर पोचून रात्र खुर्चीवर काढणं. छापील तिकीट हातात ठेवा. हाँगकाँग विमानतळावर ऑगस्ट २०१९ मधल्या निदर्शनांनंतर तिकीट दाखवल्याशिवाय इमारतीत शिरता येत नव्हतं, आणि रस्त्यावरच्या शिपायाला फोनमधलं चित्र दाखवत बसण्यापेक्षा कागद केव्हाही बरा.

प्रश्न : लांबून मोर्चाचे फोटो काढायला काय हरकत आहे?

आहे. परदेशी माणसाच्या हातातला कॅमेरा पोलिसांना हेराचा वाटतो आणि आंदोलकांना पोलिसांचा. अनेक देशांत परक्या नागरिकानं राजकीय निदर्शनात भाग घेणं हा व्हिसाच्या अटींचा भंग असतो, आणि नुसतं पाहत उभं राहणं व भाग घेणं यातला फरक तिथे कुणी तुमच्याशी चर्चून ठरवत नाही. विमा कंपनीही हाच मुद्दा काढते. गर्दी दिसली की आडव्या गल्लीनं निघून जा, प्रवाहाच्या विरुद्ध धावू नका. अश्रुधूर आलाच तर वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून मोकळ्या, उंच जागी जा. डोळे चोळू नका, भरपूर साध्या पाण्यानं धुवा. कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा लावा.

प्रश्न : अगदीच बिघडलं तर आपलं सरकार विमान पाठवतंच ना?

कधीकधी. येमेनमधून २०१५ साली भारतानं ऑपरेशन राहतमध्ये चार हजारांहून जास्त भारतीयांना आणि नऊशेहून जास्त परदेशी नागरिकांना बाहेर काढलं. त्यातल्या अनेकांना बोटीनं जिबूतीला आणि तिथून विमानानं. पण हे अपवादाचं काम असतं, बंदरापर्यंत तुमचं तुम्हालाच पोचावं लागतं आणि काही देश नंतर भाड्याचे पैसेही वसूल करतात. अमेरिका त्यासाठी आधी वचनपत्रावर सही घेते. दूतावासाचा पहिला सल्ला जवळपास नेहमी एकच असतो: साधी विमानं चालू आहेत तोवर तिकीट काढून निघा. तो आला की त्याच दिवशी निघावं. काठमांडूचा विमानतळ ९ सप्टेंबर २०२५ ला बंद झाला आणि दुसऱ्याच दिवशी उघडला, पण इतकं लवकर उघडेल असं बंद होताना कुणीच सांगू शकत नव्हतं.

प्रश्न : तिथल्या लोकांचं पोट पर्यटनावर आहे. न जाणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय नाही का?

भावना चांगली आहे, पण टंचाईच्या दिवसांत पर्यटक त्यांच्याच इंधनात आणि औषधांत वाटेकरी होतो. आरक्षण रद्द न करता तारीख पुढे न्या आणि आगाऊ रक्कम त्यांच्याकडेच राहू द्या; छोट्या हॉटेलवाल्याला आणि वाटाड्याला याचा खरा आधार होतो. परिस्थिती निवळल्यावर पहिल्या काही महिन्यांत गेलात तर गर्दीही कमी असते.

प्रश्न : आम्ही त्या देशात फक्त विमान बदलणार आहोत. तरी धोका?

कमी. मधला थांबा चार-पाच तासांचा, एकाच तिकिटावर आणि विमानतळाबाहेर न पडता असेल तर जायला हरकत नाही. थांबा रात्रभराचा असून शहरात हॉटेल घ्यावं लागत असेल, किंवा पुढचं तिकीट वेगळं असून सामान स्वतः घेऊन पुन्हा द्यावं लागत असेल, तर मार्ग बदलून मागा. शिवाय त्या देशाचा व्हिसा तुमच्याकडे नसेल आणि विमानतळ बंद झाला, तर बाहेर हॉटेलात जाता येईलच याची खात्री नाही. त्या रात्रीसाठी औषधं, चार्जर आणि एक जाडसर पांघरूण सामानात न देता हातात ठेवा.